एकाच घरात राहून एकालाच टीबी का होतो?

घरात एकाला टीबी निघाला की काही दिवसांत आरोग्य केंद्रातून कुणीतरी येतं. बहुतेक वेळा आशाताईच. पेशंटच्या गोळ्यांचं बोलणं झालं की त्या वही उघडतात. घरात आणखी कोण कोण राहतं, कुणाला खोकला आहे का, कुणाचं वजन उतरलंय का, लहान मुलं किती, सगळं लिहून घेतात. मग सांगतात, सगळ्यांची तपासणी करून घ्या, आणि आजार नसला तरी प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करा. इथे घरच्यांचा पारा चढतो. आजार नाही म्हणता आणि गोळ्याही घ्या म्हणता, हे कसं?

दुसरा प्रश्न आशाताईंना कुणी विचारत नाही. तो घरातल्या घरात, दार लोटून विचारला जातो. ‘याच्या आजोबांनाही होता म्हणे. म्हणजे हे आपल्या घराण्यातच आहे का? पोरीचं लग्न ठरायचंय अजून.’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, टीबीचा जंतू आत शिरल्यावर आपलं शरीर त्याच्याशी कसं वागतं यात. गेल्या तीसेक वर्षांत त्याबद्दल बरंच नवं कळलंय, पण ते आपल्या भाषेत फारसं पोचलेलं नाही. उलट अर्धवट पोचलंय, आणि अर्धवट पोचलेलं जास्त त्रास देतं.

## जंतू शिरणं वेगळं, आजार होणं वेगळं

टीबी जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. त्याआधी हा आजार रक्तातून, वंशातून येतो असंच बहुतेकांना वाटायचं. जंतू सापडला आणि तो वाद मिटला असं वाटलं. प्रत्यक्षात एक नवाच प्रश्न उभा राहिला. जंतू इतक्या लोकांच्या शरीरात पोचतो, मग आजारी मोजकेच का पडतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या साधारण चौथाई लोकांना या जंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे. त्यातल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीचे नव्वद-पंचाण्णव जण धडधाकट राहतात, खोकतही नाहीत आणि कुणाला लागणही देत नाहीत. ज्यांना होतो त्यांच्यातल्या मोठ्या हिश्श्याला तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच होतो. ही दोन वर्षं लक्षात ठेवा, आशाताईंच्या गोळ्यांशी त्यांचा थेट संबंध आहे.

पाच-दहा टक्के हा आकडा लहान वाटतो, पण आपल्याकडे संसर्ग झालेल्यांची संख्याच एवढी मोठी आहे की २०२३ मध्ये भारतात अंदाजे २८ लाख लोकांना टीबी झाला. जगातल्या दर चार रुग्णांमागे एक भारतातला.

## ल्युबेकची बाळं

एकच जंतू वेगवेगळ्या शरीरांत किती वेगळा वागतो, याचा सगळ्यात दुःखद पुरावा जर्मनीतल्या ल्युबेक शहरातून मिळाला. १९२९ च्या डिसेंबरात तिथे नवजात बाळांना टीबीविरुद्धची नवी बीसीजी लस द्यायला सुरुवात झाली. तेव्हा ती तोंडावाटे दिली जायची. पॅरिसहून आलेली लस ठीक होती. ती वाढवताना तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यात टीबीचा खरा, जिवंत, जहाल जंतू मिसळला गेला. हे लक्षात येऊन लसीकरण थांबेपर्यंत २५१ बाळांच्या पोटात ती गेली होती.

त्या काळी टीबीवर औषध नव्हतं. ७२ बाळं टीबीने दगावली. बाकीच्यांतली बरीचशी आजारी पडली आणि कुठल्याही औषधाशिवाय बरी झाली. काहींना नुसता संसर्गच दिसला.

वय सारखं, शहर एक, जंतू एक आणि परिणाम इतके वेगळे. कित्येक वर्षं डॉक्टर या घटनेकडे ‘फरक बाळांच्या घडणीत होता’ याचा पुरावा म्हणून बघत आले. पुढे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा एक गोष्ट पुढे आली. सगळ्या बाळांना मिळालेला डोस सारखा नव्हता. काही लसींत जहाल जंतू जास्त होते, काहींत कमी, आणि जास्त जंतू पोटात गेले तिथे मृत्यूही जास्त झाले. म्हणजे शरीराची घडण हे एक कारण, आणि किती जंतू आत गेले हे दुसरं. टीबीबद्दल बोलताना ही दोन्ही टोकं हातात धरावी लागतात. एकच धरलं की चूक होते.

## फुफ्फुसात नेमकं काय घडतं?

टीबीचा रुग्ण खोकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक थेंब हवेत उडतात. त्यातले अगदी सूक्ष्म थेंब बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथे पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांना भक्षकपेशी म्हणू. बाहेरचं काही आलं की गिळायचं आणि आतल्या आम्लात विरघळवून टाकायचं, हे त्यांचं काम. बहुतेक जंतू तिथेच संपतात.

टीबीचा जंतू मात्र गिळला जातो आणि आतच मुक्काम ठोकतो. ज्या पिशवीत त्याला कोंडलं जातं तिच्यात आम्ल ओतलं जाऊ नये अशी तजवीज तो करतो, वेळ पडल्यास पिशवीला भोकं पाडतो. वाढतोही अगदी सावकाश. पोटातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो.

जुन्नर-आंबेगावकडच्या लोकांना हे चटकन समजेल. उसात शिरलेला बिबट्या आठवा. फड आपला, राखण आपली, आणि त्याच फडात तो लपतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. भक्षकपेशी म्हणजे टीबीच्या जंतूचा उसाचा फड.

मग गावाला खबर लागते. शरीरात हे काम करणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत. त्या जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका गाठीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, ओळख पटवतात. टीबीत या सगळ्याला फार उशीर होतो, काही आठवडे सहज जातात. तोवर जंतूने बस्तान बसवलेलं असतं. टी-पेशी आल्या की इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडतात. भक्षकपेशींसाठी तो इशारा असतो, की तुमच्या आतच शत्रू आहे, आता पूर्ण ताकदीने मारा. हा एक निरोप टीबीच्या लढाईत अतिशय महत्त्वाचा आहे. तो कुठे अडला की काय होतं ते पुढे येईलच.

एवढं करूनही जंतू संपले नाहीत तर शरीर त्यांना घेरतं. भक्षकपेशी, टी-पेशी मिळून जंतूभोवती कडं करतात. डॉक्टर त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात, आपण कडंच म्हणू. फडाभोवती माणसं उभी राहावीत तसं. माणसं कमी पडली तर बिबट्या फटीतून निसटतो. आणि हजार माणसं काठ्या, फटाके घेऊन आरडाओरडा करत फडात घुसली, तर ऊस तुडवला जातो, माणसं जखमी होतात आणि त्या गोंधळात तो निसटतोच.

कडं टिकवायला टीएनएफ नावाचं आणखी एक रसायन लागतं. हे कसं कळलं पाहा. सांधेवाताच्या काही रुग्णांना टीएनएफ दाबणारी इंजेक्शनं देऊ लागले. सांधे सुधारले, पण २००१ च्या सुमारास लक्षात आलं की त्यातल्या काहींना टीबी उफाळून येतोय, तोही शरीरभर पसरलेला. जुनी कडी सुटली होती. म्हणून आता असं औषध सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी करतात. तुमच्या घरात कुणाला हे औषध सुचवलं असेल तर ती तपासणी झाली का, हे जरूर विचारा.

## मग माणसामाणसात फरक कुठून येतो?

इथे जनुकांचा विषय सुरू होतो. जनुक म्हणजे शरीर घडवण्याची आणि चालवण्याची एकेक सूचना. ती आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी जोडीने मिळते. इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप कसा बनवायचा, तो ऐकणारा कान कसा घडवायचा, टीएनएफ किती सोडायचं, या सगळ्याच्या सूचना जनुकांत असतात आणि त्या सूचनांत माणसागणिक बारीक फरक असतात.

सगळ्यात आधी हे जुळ्यांवरून दिसलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रांत्स कालमन आणि डेव्हिड राइसनर यांनी दाखवलं, की जुळ्यांपैकी एकाला टीबी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत कितीतरी जास्त आहे. आक्षेप लगेच आला. एकसारखी जुळी एकत्र जास्त राहतात, एका खोलीत झोपतात, लागण होणारच. १९७८ मध्ये जॉर्ज कॉमस्टॉक यांनी ब्रिटनमधली जुनी माहिती पुन्हा तपासली आणि अशा बाकीच्या गोष्टींचा हिशेब लावला. फरक थोडा कमी झाला, पण एकसारख्या जुळ्यांतलं प्रमाण दुसऱ्यांच्या सुमारे दुप्पट राहिलंच.

पण कोणतं जनुक? पहिला ठोस धागा १९९६ मध्ये मिळाला, तोही अगदी दुर्मीळ मुलांमधून. ही मुलं बीसीजीच्या निरुपद्रवी जंतूने किंवा माती-पाण्यातल्या टीबीच्या दुबळ्या चुलतभावंडांनी गंभीर आजारी पडत होती. लंडनमध्ये माल्टाच्या काही मुलांवर आणि पॅरिसमध्ये ट्युनिशियाच्या एका मुलावर काम करणाऱ्या दोन गटांना एकाच वर्षी एकच दोष सापडला. इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप ऐकणारा कानच या मुलांच्या पेशींवर नीट नव्हता. टी-पेशी हाका मारत होत्या, भक्षकपेशींना ऐकू जात नव्हतं. पुढे याच साखळीतले आणखी बरेच दोष सापडले.

असा दोष बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत अजून आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. घरात आधी एखादं मूल बीसीजीनंतर गंभीर आजारी पडलं असेल, किंवा वारंवार जंतुसंसर्ग होऊन तान्हेपणीच गेलं असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. बाकी सगळ्यांनी लस निर्धास्त द्यावी.

आता दुर्मीळ मुलांकडून सर्वसाधारण माणसांकडे येऊ. टीवायके-२ नावाच्या जनुकाचा एक प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. तो आई-वडील दोघांकडून मिळाला तर इंटरफेरॉन-गॅमा पुरेसं बनत नाही आणि टीबीचा धोका बराच वाढतो. साधारण सहाशे युरोपीयांमागे एकाला हा प्रकार असा जोडीने असतो. जुन्या थडग्यांतल्या हजाराहून जास्त सांगाड्यांची जनुकं तपासल्यावर दिसलं, की गेल्या दोन हजार वर्षांत त्याचं प्रमाण युरोपात घसरत गेलंय. ज्यांच्याकडे तो होता त्यांना टीबीने आधी नेलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. एका आजाराने किती पिढ्या चाळून काढल्या, याची ही हाडांत राहिलेली नोंद आहे.

असं एखादं जनुक भारतीयांतही सापडेल आणि कोडं सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२४ मध्ये जगभरातल्या १४ हजारांवर टीबी रुग्णांची आणि १९ हजारांवर रुग्ण नसलेल्यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा सगळ्यांना लागू पडेल असा ठळक धागा फक्त एका भागात दिसला. टी-पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारा, एचएलए नावाचा भाग. बाकी सगळे फरक लहान लहान, आणि एका देशात दिसलेला दुसऱ्या देशात दिसेलच असं नाही. म्हणजे बहुतेक माणसांत ‘टीबीचं जनुक’ असं काही नाही. असंख्य बारीक फरकांची बेरीज-वजाबाकी आहे, आणि तिच्यावर जंतू किती आले, जेवण कसं, रक्तात साखर किती, खोलीत वारा किती, याचा भार पडतो.

याची दुसरी बाजूही आहे. युगांडातल्या कंपालात रुग्णासोबत एकाच घरात राहिलेल्या, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत वर्षानुवर्षं काम केलेल्या काही माणसांची संसर्गाची तपासणी पुन्हा पुन्हा करूनही नकारार्थीच येत राहिली. कंपालातल्या अशा लोकांचं रक्त आणखी बारकाईने तपासलं तर त्यांच्या शरीराची जंतूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. फक्त ते नेहमीच्या इंटरफेरॉनच्या वाटेने लढले नव्हते. त्यांची वाट कोणती, याचा शोध चालू आहे आणि नवी लस शोधणाऱ्यांचं त्याकडे बारीक लक्ष आहे.

## म्हणजे हा घराण्याचा आजार झाला की!

नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण या गैरसमजापायी मुलींची लग्नं मोडतात, सुना माहेरी पाठवल्या जातात, लोक लपूनछपून गोळ्या खातात आणि मध्येच सोडतात.

आई-वडिलांकडून टीबी येत नाही. जंतू हवेतून येतो. जनुकांतून येतो तो फक्त लढण्याच्या पद्धतीतला फरक. आणि तो फरक ‘टीबी असलेल्या घराण्यांत’च असतो असं नाही, प्रत्येक घरात असतो. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणाला टीबी झाला नाही, त्या घराची जनुकं भक्कम आहेत असं नव्हे. कदाचित त्यांच्या खोल्या मोठ्या होत्या, खिडक्या उघडत होत्या आणि ताटात डाळ होती.

एका घरात दोघा-तिघांना टीबी होतो याचं पहिलं कारण तेच घर असतं. एक खोली, एक हवा, एकच चूल. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्यात की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा. तिथे टीबी जास्त आहे. त्याला तिथल्या लोकांचं रक्त जबाबदार धरायचं की नकाशा पास करणारे?

पूर्ण उपचार घेऊन बरी झालेली मुलगी कुणाला टीबी देत नाही. औषधांना दाद देणाऱ्या टीबीत योग्य उपचार सुरू झाल्यावर लागण देण्याची क्षमता काही दिवस-आठवड्यांतच झपाट्याने उतरते. तिच्या मुलांना टीबी ‘वारशाने’ मिळणार नाही. स्थळ बघायला आलेल्यांना हे स्पष्ट सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकलं पाहिजे.

जनुकांची चाचणी करून घ्यावी का, असंही लोक विचारतात. वर सांगितलेल्या दुर्मीळ मुलांचा अपवाद सोडला तर नको. तुम्हाला टीबी होईल की नाही हे सांगणारी जनुक-चाचणी आज नाही. कुणी तशी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

## प्रतिकारशक्ती वाढवली की झालं, नाही का?

‘इम्युनिटी बूस्टर’चे डबे, पावडरी, काढे यांची जाहिरात हेच सांगते. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की भरली म्हणजे बरं.

टीबीत फुफ्फुसाला जी पोकळी पडते ती मुख्यतः जंतू पाडत नाही, आपल्याच पेशींची मारामारी पाडते. फडात घुसलेली ती हजार माणसं. कॅन्सरवर अशी काही औषधं आहेत जी टी-पेशींचा ब्रेक काढून टाकतात. ती घेणाऱ्या काहींना टीबी उफाळून आल्याच्या नोंदी आहेत. ज्या उंदरांत तो ब्रेक मुळातच नव्हता, ते टीबीने साध्या उंदरांपेक्षा लवकर मेले. जोर वाढला, पण तोल गेला.

या तोलावर फार सुंदर काम केलंय ललिता रामकृष्णन यांनी. त्या वाढल्या बडोद्यात, वैद्यकीय शिक्षणही तिथलंच, पुढे संशोधन अमेरिकेत आणि केंब्रिजमध्ये. त्यांनी झेब्राफिश नावाचे इवलेसे मासे निवडले, कारण त्यांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. जंतू शिरल्यापासून कडं तयार होईपर्यंत सगळं जिवंत माशात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. त्यांच्या गटाला एक जनुक सापडलं, जे टीएनएफची पातळी ठरवतं. टीएनएफ कमी पडलं तर जंतू बेफाम वाढले. जास्त झालं तर भक्षकपेशी स्वतःच फुटल्या आणि आतले जंतू मोकळे झाले. दोन्हीकडे मासे आजारी. तब्येतीने बरे राहिले ते मधले.

आणि यात जंतूची चाल बघा. फ्लूसारखे जंतू आपला चेहरा सतत बदलतात, म्हणजे टी-पेशींनी ओळखू नये. टीबीच्या जंतूच्या जगभरातल्या वाणांचा अभ्यास करून २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं, की टी-पेशी त्याचे जे तुकडे ओळखतात ते त्याने जवळपास जसेच्या तसे राखलेत. आपण ओळखलं जावं, यातच त्याचा फायदा असावा असा तर्क आहे. कारण टी-पेशी आल्या, मारामारी झाली, पोकळी पडली, तरच खोकला येणार आणि तो दुसऱ्या माणसात जाणार.

उपचार चालू असतानाही याचा अनुभव येतो. मानेतल्या गाठीचा टीबी असलेल्या काहींची गाठ गोळ्या सुरू झाल्यावर आधी वाढते. घरचे घाबरतात, गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून बंद करतात. बऱ्याचदा मेलेल्या जंतूंवर शरीराची चाललेली आरडाओरड असते ती. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.

व्हिटॅमिन डीबद्दलही सांगून टाकते, कारण पूर्वी उन्हात बसवून टीबीवर उपचार करायचे तेव्हापासून ही आशा टिकून आहे. मंगोलियात आठ हजारांवर शाळकरी मुलांना तीन वर्षं व्हिटॅमिन डी देऊन पाहिलं. संसर्ग रोखण्यात काही फरक पडला नाही.

## मग जेवणाने काय फरक पडणार?

पडतो, आणि मोजून दाखवलेला आहे. या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ते हे असावं.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने एक साधा प्रयोग केला. टीबीच्या २,८०० रुग्णांना सहा महिने रेशन दिलं. त्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचे दोन भाग केले. एका भागातल्या माणसांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या भागाला हे जादा रेशन नव्हतं. २०२३ मध्ये निकाल आला. रेशन मिळालेल्या घरांत टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि बेडक्यात जंतू सापडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याला लागणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळीने. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यू खूपच कमी झाले.

याचं कारण वर आलंच आहे. टी-पेशी हजारोंनी तयार करायच्या, कडं उभं करायचं, ते वर्षानुवर्षं टिकवायचं, याला प्रथिनं आणि ऊर्जा लागते. उपाशी शरीर माणसं कुठून उभी करणार? वजन आणि उंचीवरून काढलेला बीएमआय एका अंकाने घसरला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, असं निरनिराळ्या देशांच्या आकडेवारीतून दिसलंय. मधुमेहात धोका दोन ते तीन पट होतो. एचआयव्ही तर टी-पेशींनाच खातो, त्यावर उपचार नसेल तर धोका कित्येक पट. सिगरेट, दारू, दगडखाणीतली धूळ, सगळ्यांचा वाटा आहे.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हक्काचे आहेत, खात्यात येतात, आले नाहीत तर विचारा. पण ते रुग्णापुरते. झारखंडच्या प्रयोगात फायदा दिसला तो घरातल्या बाकीच्यांना खायला मिळाल्यावर. सरकारने यापुढचं पाऊल तिथे टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

## लहानपणी बीसीजी घेतलंय, शिवाय एकदा होऊनही गेलाय

बीसीजी बाळांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर मात्र तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांवर लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तिथे संरक्षण दिसलं नाही.

एकदा होऊन गेला म्हणजे गोवरासारखी कायमची सुटका, असंही नाही. केपटाउनमध्ये बरे झालेल्यांना नव्या जंतूने पुन्हा टीबी होण्याचं प्रमाण कधीच न झालेल्यांपेक्षा जास्तच निघालं. म्हणून बरं झाल्यावरही दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडका तपासायचा. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निदान होतं आणि एक मुख्य औषध लागू पडणार की नाही तेही कळतं.

## मग आशाताईंच्या गोळ्या घ्यायच्या का?

आता मांडणी पूर्ण झाली. रुग्णाच्या घरातल्यांना जंतू नुकताच, आणि बहुधा भरपूर, मिळालेला असतो. आजाराचा धोका पुढच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. कुणाचं कडं टिकेल आणि कुणाचं फुटेल हे सांगणारी जनुक-चाचणी नाही. पण कड्यातले झोपलेले जंतू मारणारं औषध आहे. म्हणून ते द्यायचं.

आधी आजार नाही याची खात्री करतात, लक्षणं विचारून आणि एक्स-रे काढून. हे टाळू नका. आजार असताना प्रतिबंधाची अर्धी औषधं घेतली तर जंतू त्यांना सरावतो. संसर्ग झालाय का हे पाहायला हातावर टोचून किंवा रक्तातून तपासणी करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचेवरची चाचणी आता वापरात आहे, आणि रक्ताची चाचणी टी-पेशींचा तोच इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप मोजते. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नाही एवढं कळलं की या चाचणीची वाट न बघता औषध देतात, कारण त्यांच्यात टीबी झपाट्याने मेंदूपर्यंत पोचू शकतो.

गोळ्या एक तर रोज सहा महिने असतात, किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा आठवडे. आठवड्याच्या गोळ्यांत रिफापेंटिन असतं, त्याने लघवी आणि घाम लालसर-नारिंगी होतो. ते रक्त नव्हे, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, तेव्हा बायकांनी आधी सांगावं आणि तेवढ्या काळापुरता दुसरा उपाय विचारून घ्यावा. आधीपासून यकृताचा त्रास असेल, रोज दारू घेत असाल, तेही सांगा. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्रात जा.